बहात्तर मिनिटांबद्दल लोक काय म्हणाले

तळासरीच्या लग्नांत साउंड लावणारा माणूस प्रोग्रेसिव्ह हाऊसचा अल्बम काढतो, यात हसण्यासारखं काही असेल तर लोकांनी ते कधीच हसून घेतलंय. मी मात्र गंमत म्हणून काढला नव्हता. एका माणसाने तो ऐकावा आणि मला फोन करावा, एवढ्यासाठी काढला होता. बहात्तर मिनिटं, अकरा ट्रॅक, मध्ये कुठेही थांबा नाही. इंटरनेटवर चढवला, त्याच दिवशी त्या माणसाला लिंक पाठवली आणि फोन हाताशी घेऊन बसलो. मतं आली. तळासरीहून आली, डहाणूहून आली, ज्या देशांत माझा पाय कधी पडणार नाही तिथून आली. त्याचं तेवढं आलं नाही.

तो माझा पार्टनर. चौदा वर्षं आम्ही दोघांनी साउंड चालवला. मी गाणी वाजवायचो, तो माइकवर बोलायचा. आमच्या भागात माइकवाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. रस्त्यात उभा असलेला टेम्पो बाजूला घ्या, नवरीच्या मामांनी मांडवात यावं, आत्याबाईंकडून पितळी हंडा आलेला आहे, हे सगळं त्याच्या तोंडून व्हायचं. तेच मराठीत, तेच गुजरातीत, आणि पाड्यावर गेलो की तेच वारलीत. “चालो, जमवा बेसी जाव,” असं तो अशा काही प्रेमाने म्हणायचा की नुकते जेवून उठलेलेही पुन्हा ताटाकडे बघायचे. आवाज जाड, जरा घोगरा. नाचणारे थांबून ऐकायचे.

माझं दुखणं तेच होतं. मी तासभर मेहनत घेऊन एक गाणं दुसऱ्यात असं मिसळायचो की जोड कळू नये, आणि नेमका तेव्हाच हा हात वर करायचा. हात वर म्हणजे मी आवाज खाली घ्यायचा, याने बोलायचं, मग मी आवाज वर चढवायचा. दर सहा-सात मिनिटांनी हे चालायचं. दोन वर्षांपूर्वी उधव्याचं एक लग्न उरकून सकाळी टेम्पोत स्पीकरचे बॉक्स चढवताना मी त्याला म्हणालो, “तू मध्येमध्ये तोंड घालतोस ना, म्हणून माझं वाजवणं कोणाच्या कानापर्यंत जातच नाही. तू नसशील तेव्हा कळेल लोकांना.” उचलली जीभ लावली टाळ्याला. झोप नव्हती, ऊन चढलं होतं, पण ही काही सबब नाही. त्याने दोरी आवळून बांधली आणि टेम्पोत पुढे जाऊन बसला.

तो मोसम संपला आणि तो उंबरगावच्या एका कारखान्यात कामाला लागला. भांडण झालं नाही. नुसतं येणं बंद झालं. फोन केला तर दोन शब्द बोलायचा, शिफ्ट आहे म्हणायचा. माझ्या त्या एका वाक्याने तो गेला, असं मी धरून चाललो. माफी मागायला जीभ रेटेना. मग मी पुरुषांना सुचतो तसला उपाय काढला. माफीच्या जागी एक वस्तू तयार करायला घेतली.

प्रोग्रेसिव्ह हाऊस माझ्याकडे बोर्डीहून आलं. तिथल्या एका रिसॉर्टवर मुंबईच्या मंडळींची पार्टी होती, साउंड आमचा होता आणि वाजवणारा त्यांचा. तो जाताना एक पेन ड्राइव्ह विसरला. मी परत द्यायला फोन केला तर म्हणाला, ठेव तुला. त्यात ते संगीत होतं. त्यात गाणं नसतं, शब्द जवळपास नसतात. एक ठेका चालू होतो, त्यावर हळूहळू एकेक सूर येऊन बसतो, कोणाला कसलीच घाई नसते. एक ट्रॅक आठ-नऊ मिनिटांचा, आणि तो संपायच्या आत दुसरा त्याच्याखाली येऊन चालायला लागलेला असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पार्टनर म्हणाला होता, “हे गाणं आहे का जनरेटर?” पण सरावली ते तळासरी टेम्पोत तेच लावून ठेवायचा, मी न सांगता.

सरावलीला माझ्या दोन खोल्या आहेत. एकीत बॉक्स आहेत, एकीत मी. बॉक्सवाली खोली मोठी आहे. पावसाळ्यात धंदा बंद असतो, तेव्हा महिनाभर दुसऱ्यांचे ट्रॅक निवडले, परवानगीचे सोपस्कार केले आणि एका दुपारी दार लावून सगळं एका बैठकीत वाजवलं. कॉम्प्युटरवर तुकडे कापून चिकटवायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. लग्नात वाजवतो तसं हातानेच, तोच जुना कंट्रोलर, आवाज खाली-वर करायची तीच सरकपट्टी. मला दाखवायचं होतं की मध्ये कोणी बोललं नाही तर माझं वाजवणं कसं असतं. आणि ते दाखवून पुढे म्हणायचं होतं की बघ, तरीही तू ये. हे दोन्ही एकाच वेळी कसं म्हणता येईल याचा विचार मी केला नव्हता.

आता मतं.

तळासरी नाक्यावरच्या चहावाल्याला ऐकवलं. दहा मिनिटं त्याने मान डोलावली, मग म्हणाला, “गाणं कधी चालू होणार?” हेच सुरू आहे म्हटलं तर त्याला माझी दया आली. तरी भल्या माणसाने दोन दिवस दुकानात लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “दादा, बंद करतो हा. गिऱ्हाईक उठतच नाय. एक चा घेऊन तासतास बसतात, बाहेर बघत.” मला वाटतं माझ्या कामाची याहून मोठी तारीफ कोणी केलेली नाही, पण ती तक्रार होती.

डहाणू रोडला स्टेशनसमोर एक मोबाइल रिपेअरवाला आहे, तो स्वतःला यातला जाणकार समजतो. त्याने लिहिलं: बेस कमी. कोणी काहीही ऐकवा, तो बेस कमी असंच लिहितो. त्याच्या शेजारच्या लॉजच्या मॅनेजरने अंगठा पाठवला. माझ्या धाकट्या बहिणीने वलसाडहून लिहिलं, “दादा छान झालंय, स्वयंपाक करताना लावलं होतं,” आणि पुढच्याच ओळीत विचारलं, जेवतोस का वेळेवर. एका ओळखीच्या बॅन्डवाल्याने पहिली चार मिनिटं ऐकून पाच तारे दिले. नव्या पिढीतल्या एका डीजेने लिहिलं की चौथ्या ट्रॅकची एन्ट्री आठ मात्रा लवकर झाली. हा गृहस्थ स्वतः वाजवतो तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये भोंग्याचा आवाज टाकून जोड झाकतो. नाकाने कांदे सोलायला काही जात नाही. पण सांगायला हरकत नाही, एन्ट्री खरंच लवकर झालीय.

सुरुवातीला मी मनात म्हणायचो, गाढवापुढे वाचली गीता. मग एका हळदीला माझी चांगलीच जिरली. तळासरीच्या पलीकडे एका पाड्यावर संध्याकाळी बॉक्स जोडून झाले होते, पाहुणे यायचे होते, म्हणून टेस्टिंगला मी अल्बमच लावून ठेवला. नवऱ्याचे आजोबा शेजारी खाटेवर बसले होते. उमेदीत तारपा वाजवायचे. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांबलचक वाद्य, वाजवणारा फुंकता फुंकताच श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही आणि नाचणाऱ्यांचं रिंगण फिरत राहतं. म्हातारबाबांनी बराच वेळ ऐकलं. मला वाटलं डोळा लागला. मग त्यांनी विचारलं, “वाजवनारा तूच का?”

“हो बाबा.”

“दम बरा हाये तुझा. पन मधी हलका होतोस. दमतोस का?”

दमत नाही म्हटलं. मशीन वाजवतं, मी फक्त जोडतो. “तसा नाय,” ते म्हणाले, “मधी हलका होतोस,” आणि तंबाखू मळायला लागले. पाहुणे आले. मी ते तिथेच सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येत असेल अशी माझी समजूत, दुसरं काय.

मग अर्जेंटिनातल्या माणसाचं मत आलं. हा माणूस मिनिटं घालून मतं लिहितो. अल्बम चढवला होता त्या साइटवर अशी माणसं असतात. सव्वीसाव्या मिनिटाला येणारा सूर कुठल्या ट्रॅकचा, एकेचाळीसाव्याला ठेका कसा बदलला, सगळं टिपतात आणि एकमेकांना विचारतात. त्यांच्यात मी फार रमलो होतो, खोटं कशाला बोलू. जगाच्या पाठीवर कोणीतरी माझी बहात्तर मिनिटं मिनिटामिनिटाने ऐकलीत, हे कळल्यावर मी सकाळी उठून आधी फोन बघायला लागलो. त्याने आधी पुष्कळ चांगलं लिहिलं होतं. शेवटी दहा आकडे लिहिले होते. सहा चाळीस, तेरा दहा, एकोणीस पंचावन्न, असे. आणि खाली त्याच्या भाषेत तीन वाक्यं. मी भाषांतराचं बटण दाबलं. “या ठिकाणी संगीत बाजूला सरकून उभे राहते. कोणीतरी बोलणार आहे असे वाटते. कोण?”

मी हेडफोन लावून बसलो. सहा मिनिटं चाळीस सेकंदांना आवाज उतरला. निम्म्यावर आला, वीस सेकंद तसाच राहिला, पुन्हा चढला. तेरा दहाला तेच. एकोणीस पंचावन्नला तेच. दहाच्या दहा जागा बरोबर होत्या. माझा डावा हात सरकपट्टी खाली ओढत होता आणि पुन्हा वर नेत होता, चौदा वर्षांच्या सवयीने, बंद खोलीत, जिथे हात वर करणारं कोणी नव्हतं. मी हा अल्बम चढवण्याआधी वीस वेळा तरी ऐकला होता. मला एकदाही कळलं नाही. माझ्या कानांना संगीत असंच असतं. सहा-सात मिनिटं वाजतं, मग त्याचा आवाज येतो.

तळासरीत, डहाणूत कोणाला खटकलं नाही तेही त्यामुळेच. आमच्याकडे सगळ्यांना मध्ये आवाज उतरण्याची सवय आहे, उतरला की लोक माइककडे बघतात. एका म्हातारबाबांना कळलं होतं, आणि मी त्यांना बहिरं ठरवून मोकळा झालो होतो.

तू नसशील तेव्हा कळेल लोकांना, असं मी त्याला म्हणालो होतो. कळलं ते मला. त्या दहा जागांत त्याचा आवाज नाही, हे मला इतकं लागलं की मी हेडफोन काढून बराच वेळ बॉक्सच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. मला तो परत हवा होता. धंद्यासाठी म्हणून नाही, माइक काय कुठल्याही हौशी काकांच्या हातात देता येतो, ते अर्धा तास हॅलो हॅलो करतात पण काम होतं. मला तो शेजारी उभा हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर काढून चिखल्याला गेलो. त्याचं घर वाडीच्या कडेला आहे, मागे सुरूची झाडं आणि पलीकडे समुद्र. वहिनींनी दार उघडलं, “अगंबाई, भाऊजी! किती दिवसांनी,” म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तो मागच्या ओट्यावर बनियनवर बसला होता. दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं. बारीक झाला होता, पण चेहरा निवांत होता. मला बघून खरंच खूश झाला, ते पाहून मला आशा वाटली.

“लिंक पाठवली होती मी,” मी म्हणालो.

“हां रे, आली होती. ऐकतो ऐकतो म्हणता राहिलं. सकाळची शिफ्ट असली की साडेचारला उठतो, मग कुठे काय.” त्याने लाजून मान खाजवली. “आता ऐकू? आणलायस?”

माझ्या फोनला त्याचे इअरफोन जोडले. दोन्ही कानांत घालून त्याने डोळे मिटले. मी शेजारी बसून राहिलो. मला काही ऐकू येत नव्हतं, स्क्रीनवर मिनिटं पुढे जाताना दिसत होती. सहा चाळीस आले. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेरा दहा. काही नाही. वहिनी चहा ठेवून गेल्या, त्याने डोळे न उघडता कप उचलला. एकोणीस पंचावन्नला त्याने एका कानातला इअरफोन काढला.

“इथे मी बोलायचो ना?”

“हो.”

“मुद्दाम ठेवलंस?”

“नाही. हाताने आपोआप केलं. मलाही आत्ता कळलं.”

तो हसला. अगदी मनापासून. “अजून तसाच ओढतोस,” म्हणाला. मला वाटलं हीच वेळ आहे. घशात आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. उधव्याला मी जे बोललो ते चुकीचं होतं, तू तोंड घालतोस म्हणालो, तसं म्हणायला नको होतं, दोन वर्षं मला ते खातंय, त्याच्यामुळे तू गेलास.

तो माझ्याकडे बघत राहिला. “कधी बोललास?”

“उधव्याला. बॉक्स चढवताना.”

त्याने आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. “नाय रे. मला काहीच आठवत नाय. तू तर रोज काहीतरी बोलायचास.”

तो माझं मन राखायला खोटं बोलतोय असं मला आधी वाटलं. पण माइकवर त्याने किती वेळा “पाच मिनिटांत जेवण लागतंय” असं खोटं सांगितलंय, ते मी शेजारून पाहिलेलं आहे. खोटं बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही. आता बघत होता.

“मग गेलास का?”

“घसा बसायचा,” तो म्हणाला. “मोसमात चार-चार दिवस आवाज नसायचा. घरी आलो की पोरगी गोष्ट सांग म्हणायची, मी हातवारे करायचो. कारखान्यात मशीनचा एवढा आवाज, की कोणी कोणाशी बोलतच नाय. आठ तास तोंड बंद. इतकं बरं वाटतं तुला काय सांगू. आता रोज गोष्ट सांगतो तिला.” हे सांगताना तो सुखात होता.

मला बरं वाटायला हवं होतं. माझ्यामुळे तो गेला नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या ओट्यावर मला जितकं एकटं वाटलं तितकं सरावलीच्या खोलीत दोन वर्षांत वाटलं नव्हतं. त्याच्या मनात माझ्याबद्दल राग असेल या समजुतीवर मी दिवस काढले होते. राग असता तर तो काढता आला असता. इथे काढण्यासारखं काहीच नव्हतं. तो नुसता आपल्या घरी गेला होता.

उरलेलं त्याने पूर्ण ऐकलं. मध्ये उठला नाही, फोन आला तो घेतला नाही. बहात्तर मिनिटं झाल्यावर इअरफोन गुंडाळून ओट्यावर ठेवले आणि मत दिलं. ज्या मतासाठी मी एवढा खटाटोप केला ते असं होतं: “चांगलं झालंय. खरंच चांगलं. शेवटचं तर फारच. पण त्या जागा भरून टाक. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलंय.”

“मोसमात एखाद्या लग्नाला येशील? एकच.”

“नको रे,” तो म्हणाला. किती सहज म्हणाला. “कोणीतरी ठेव चांगला. तुला सवय लागेल त्याची.” मग शर्ट चढवला, डबा घेतला, आणि फाटकापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून आला. जाताना पोरीने दारातून ओरडून त्याला काहीतरी सांगितलं आणि त्यानेही तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. आवाज छान मोकळा झाला होता.

त्याचं मत बरोबर होतं. मी कॉम्प्युटरवर बसलो. दहा जागी आवाज उचलून आजूबाजूच्या बरोबरीला आणायचा, एवढंच काम. अर्ध्या तासात झालं. जुना अल्बम साइटवरून काढला आणि नवा चढवला. त्याला लिंक पाठवली, त्याने लगेच अंगठा पाठवला. लोकांना आवडला. रिपेअरवाल्याने बेस कमी लिहिलं. अर्जेंटिनातल्या माणसाने पुन्हा सगळा ऐकला आणि लिहिलं की आता कुठेही थांबल्यासारखं वाटत नाही, हे तुमचं उत्तम काम आहे. मी त्याचे आभार मानले. कोण, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

जुना आता फक्त माझ्याकडे आहे. जेवायला बसलो की मी तोच लावतो. सहा मिनिटं चाळीस सेकंदांना आवाज उतरतो, तेव्हा मी घास हातात धरून थांबतो. वीस सेकंदांनी तो पुन्हा चढतो, मग मी जेवतो.